एकतीस कॉम्प्युटरांची छावणी

मला आजवर बसलेल्या धक्क्यांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या आमच्या साडूंनी दिलेले आहेत. हे मी मोघम बोलत नाही. एका रविवारी बायकोला समोर बसवून मी मोठे धक्के बोटांवर मोजले. ते सतरा भरले आणि त्यांतले अकरा साडूंच्या नावावर निघाले. उरलेल्या सहांत माझा मेव्हणा कोणाला न सांगता लग्न करून दारात उभा राहिला तोसुद्धा आहे. यावरून साडूंचे अकरा कोणत्या प्रतीचे असतील याची कल्पना यावी.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. राहायला मुकुंदवाडीत, स्टेशनापासून चालत नऊ मिनिटांवर. चितेगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. उंची बेताची, मिशा उंचीच्या मानाने जास्त, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी तीन स्क्रू ड्रायव्हर. कॉम्प्युटर दुरुस्त करायला ते कोणाकडे शिकले नाहीत. एक उघडून बसले आणि तो बंद करता येईपर्यंत शिकत गेले. बाकीचे लोक अडलेल्या यंत्राला थापड मारतात. साडू त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि तोंडाने 'हं... हं... उभा ऱ्हा' असं म्हणतात. याचं कारण असं की आमच्या दोन्ही घरांत पूर्वी मेंढरं होती. माझ्या घरातली आजोबांबरोबर संपली. मला मेंढरू माहीत आहे ते बसच्या खिडकीतून. साडूंनी मात्र दौलताबादच्या पलीकडल्या माळांवर बारा वर्षांचे होईपर्यंत मेंढरं राखली आहेत, आणि पुढच्या आयुष्यात त्यांना भेटलेली प्रत्येक वस्तू त्यांनी त्याच नजरेने पाहिली आहे.

त्या वर्षी पावसाने सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. शहर मात्र पावसाला न विचारता वाढत होतं. कालपर्यंत ज्वारी होती तिथे नव्या वसाहतींच्या पाट्या लागत होत्या, आणि नळाचं पाणी चौथ्या दिवसावरून सहाव्या दिवसावर गेलं होतं. अशात माझ्या नऊ वर्षं जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना आली, की या एक्सपी प्रणालीचा आधार आता संपत आहे, यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. ती सूचना मी तीनदा वाचली. कागदावर दोन रकाने आखले, एकात जुन्याचे दोष, दुसऱ्यात गुण. दोष चौदा निघाले, गुण तीन. नवीन घ्यायचा ठरला. भंगारवाल्याला रविवारी बोलावलं. नेमके त्याच सकाळी साडू चहाला आले.

"विकताय?" त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याचा आधार संपला, साडूभाऊ. नव्या दुरुस्त्या येणार नाहीत."

"म्हंजी चारा बंद झाला."

"तसं म्हणा."

"मेलंय का मग?"

"नाही. चालतोय तसा."

"चारा बंद झाला म्हणून जितं जनावर खाटकाला द्यायलेत, भाऊ? आन् तुमच्यासारखा शिकेल माणूस?" साडूंच्या मिशा थरथरत होत्या. "दुष्काळात सांभाळायचं असतंय. तुमच्याच्यानं नसंल होत तर मी नेतो. सरला दुष्काळ की घेऊन जा."

मी थक्क होऊन बघत राहिलो. त्यांनी स्कूटरच्या डिकीतून घोंगडी काढली, कॉम्प्युटर तीत गुंडाळून मागच्या सीटवर बांधला, मॉनिटर दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतला आणि निघाले. मी मागून "नेतो, नेतो" म्हणालो. तसं म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणालो.

त्या दिवसांत जिल्ह्यात जनावरांच्या चारा छावण्या लागलेल्या होत्या. साडूंनी कारखान्यात आणि गल्लीत सांगून टाकलं, की आपण कॉम्प्युटरांची छावणी काढली आहे. कोणाचा चारा बंद झाला असेल तर विकू नका, आणून बांधा. लोकांना भंगारवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा हे सोपं वाटलं. एका टायपिंग क्लासने आठ पाठवले, एका दवाखान्याने तीन, एका वकिलांनी दोन, बाकीचे सुटे. तीन महिन्यांनी मी मुकुंदवाडीला गेलो आणि उंबऱ्यावरच थांबलो, कारण पाय ठेवायला पुढे जागा नव्हती. दोन खोल्यांत एकतीस कॉम्प्युटर होते. मी दोनदा मोजले. पलंगाखाली नऊ, कपाटावर चार, देवघराच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि बाकीचे भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेले. जुने मॉनिटर पाठीमागे हातभर वाढलेले असतात, त्यामुळे ते भिंतीपासून पुढे सरकत खोलीच्या मध्यापर्यंत आले होते. प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर रंगाचा ठिपका होता: दवाखान्याचे हिरवे, क्लासचे गेरूचे, माझ्या एकुलत्या एकावर निळे दोन ठिपके.

"मालकाची खूण," साडू म्हणाले. "कळप मिसळला की भांडणं होत्यात."

रोज सकाळी ते पाळीने तीन कॉम्प्युटर सुरू करायचे, अर्धा तास चालवायचे आणि बंद करायचे. याला ते पाय मोकळे करणं म्हणत. मी हिशेब केला, प्रत्येकाची पाळी अकराव्या दिवशी येत होती. महिन्यातून एकदा ते एकेकाला अंगणात नेऊन उघडत आणि रंगाच्या ब्रशने आतली धूळ काढत. शहरात तेव्हा जिकडेतिकडे खोदकाम असल्याने ती धूळ अशी निघे, की शेजारी तिला लोकर म्हणू लागले. इंटरनेट कोणालाही जोडायचं नाही हा कडक नियम. "बाहीरच्या कुरणात रोग लई. यांना आता लस नाय," असं ते सांगत, आणि तांत्रिक दृष्ट्या ते अगदी बरोबर होतं, माझ्या कार्यालयातल्या जाणकारांनीही तेच सांगितलं होतं, फक्त कुरण हा शब्द वापरला नव्हता. वकिलांचा एक कॉम्प्युटर येतानाच व्हायरस घेऊन आला होता. त्याला साडूंनी कळपापासून वेगळा, न्हाणीघरात ठेवला. नळाला सहाव्या दिवशी पाणी असल्यामुळे ती खोली तशीही कोरडीच असे.

पण मला सर्वांत मोठा धक्का बसला तो साडूंच्या सचोटीचा. बंद पडलेल्या दोघांचे भाग घेऊन एक चालता करायचा, हे कोणीही दुरुस्ती करणारा करतो. साडू मालकाला विचारल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा हलवत नसत. माझ्यासमोर त्यांनी क्लासच्या मालकांना फोन लावला.

"सर, तुमच्या पाच नंबरची रॅम दवाखान्याच्या एकाला लावू का? पोरकं कोकरू दुसरीला पाजावं तसं. तुमची हरकत नसंल तरच."

सर म्हणाले, "अहो, मी ते सगळे फेकून दिलेत ना?"

"फेकले नाय, सर. माझ्यापाशी ठेवलेत."

"मग करा की काय करायचं ते!"

"तसं नाय. हाव म्हणा."

सर 'हाव' म्हणाले, बहुतेक फोन ठेवता यावा म्हणून.

हे सगळं आम्ही कौतुकाने वर्षानुवर्षं सांगत बसलो असतो, पण माझ्या मेहुणीला त्या घरात राहायचं होतं. छावणीला वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी तिचा फोन आला. पाणी आता आठव्या दिवशी येणार होतं. आठ दिवसांचं पाणी साठवायला सात ड्रम लागत होते, आणि त्यांतले तीन जागेअभावी रस्त्यावर उभे होते. तिथलं पाणी कोणीही काढून नेई. त्यातच गावाकडची विहीर आटल्यामुळे तिच्या सासूबाई शनिवारी कायमच्या राहायला येणार होत्या. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना पाय लांब करून निजायला सहा फूट लागणार होते.

"दाजी, तुम्हीच सांगा त्येन्ला," ती म्हणाली. आवाज रडवेला नव्हता, ठाम होता, म्हणून मी जास्त घाबरलो. "शनवारपस्तोर डबडी गेली तर बरं. नायतर आत्याबाईला घिऊन मी तुमच्या घरी येते. कायमची. ते राहू द्या हितं कळप राखीत."

मी शुक्रवारी टेप घेऊन गेलो. खोल्या मोजल्या, मॉनिटर मोजले, ड्रमांचा घेर मोजला, म्हातारीची सहा फूट जागा धरली आणि कागद साडूंपुढे ठेवला. एकशे सत्त्याण्णव चौरस फुटांत एवढं सगळं मावतच नव्हतं. साडूंनी कागद नीट वाचला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पण कोन्ला काढू?"

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. ते बारा वर्षांचे असताना असाच दुष्काळ होता. वडिलांनी साठ मेंढरं बाजारात नेली आणि एका दिवसात मातीमोल विकून टाकली. वडील त्यानंतर शहरात नव्या वसाहतींच्या बांधकामावर विटा वाहायला गेले आणि परत गावात राहिले नाहीत. "आन् पंधरा दिवसांनी पाऊस पडला, भाऊ. तुम्ही हिशोबाचं माणूस. सांगा, पंधरा दिवस निघाले नसते व्हय?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

शनिवारी सासूबाई आल्या. त्यांना आणायला माझीच गाडी गेली होती, म्हणून मी तिथे होतो. त्या काठी टेकत उंबऱ्यावर थांबल्या. मेहुणी पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिची पिशवी भरलेली मला दिसत होती. म्हातारीने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, ठिपके पाहिले आणि पुटपुटत मोजायला सुरुवात केली. मी ऐकत होतो. न्हाणीघरातला एक सोडून आकडा बरोबर आला.

"कोन्हाची रं ही?"

"लोकांची, आई. छावणी हाय. दुष्काळापुरती."

"मालक कुठंयत?"

साडूंनी जवळच्या एका ठिपक्यावरची धूळ बोटाने पुसली.

"छावणीत मालक जनावरापाशी बसतो, लेका. तिथंच भाकर खातो, तिथंच निजतो. येतंय का कोन्ही हितं?"

"नाय."

"इचारतंय का, कसंय म्हणून?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र जमिनीकडे पाहिलं, कारण वर्षभरात मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मग ही छावणी नाय," म्हातारी म्हणाली. "कोंडवाडा हाय. सोडवायला कोन्ही येत नाय, त्याला कोंडवाडा म्हणत्यात."

साडू खाली बसले. म्हातारी एका मॉनिटरचा आधार घेत त्यांच्याजवळ सरकली. पंधरा दिवसांचा विषय तिने आपणहून काढला. तो या मुलाच्या पोटात किती वर्षं आहे हे तिला ठाऊक असावं. "पंधरा दिस नसते निघाले. दोन दिस सुदिक नसते निघाले. निम्मी उठतच नव्हती. तुझ्या बापानं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, घेणाऱ्याच्या हातात दावं दिलं आन् तोंडानं म्हणला, 'दिली'. साठ बाऱ्या म्हणला. तू बैलगाडीखाली निजला हुतास. त्यानं टाकली नाय रं. दिली."

त्या संध्याकाळी मेहुणीने पिशवी रिकामी केली आणि सासूबाईंना पलंग दिला. ती स्वतः आणि साडू अंगणात झोपले. दुसऱ्या दिवसापासून साडूंनी आठ दिवसांची रजा काढली. मी त्यांच्याबरोबर चार दिवस हिंडलो. प्रत्येक मालकाच्या दारात जायचं, त्याच्या कॉम्प्युटरमधले फोटो आणि कागदपत्रं उतरवून घेतलेली सीडी त्याच्या हातात ठेवायची आणि विचारायचं, नेता का देता? दोघे नेतो म्हणाले आणि खरंच घेऊन गेले. बाकीचे म्हणत, 'टाका कुठेही.' साडू तिथून हलत नसत. "टाका नका म्हणू. दिला म्हणा." वकील चिडले. टायपिंग क्लासचे सर आधी हसले, मग आठही वेळा म्हणताना त्यांचा आवाज उतरत गेला. त्या आठांवर त्यांनी संसार उभा केला होता. शेवटी आम्ही माझ्या घरी आलो. मला वाटलं होतं साडू मला सोडून देतील.

"भाऊ, तुमी पन."

दोनच अक्षरं. पण ती म्हणायला मला पाणी प्यावं लागलं.

अकरा उठण्यापलीकडे होते. परवानगी घेऊन साडूंनी त्यांचे भाग काढले आणि उरलेल्या अठरांना लावले. त्या अठरांवर मोफत मिळणारी एक हलकी लिनक्स प्रणाली चढवली. ती कमी खाते आणि तिच्या दुरुस्त्या अजून येतात, असं त्यांनी मला समजावलं. गावाकडच्या शाळेच्या गुरुजींनी टेम्पो पाठवला. प्रत्येक कॉम्प्युटर चढवताना साडूंनी त्याची वायर गुरुजींच्या हातात दिली. गुरुजी गोंधळलेले, पण त्यांनी अठरा वेळा वायर घेतली. त्या अकरांच्या रिकाम्या पेट्याही साडूंनी भंगारवाल्याकडे स्वतः नेऊन दिल्या. घरी परतलो तोवर मेहुणीने सातही ड्रम ओळीने आत लावले होते, आणि म्हातारी त्यांच्या पलीकडे पाय पसरून झोपली होती.

याला आता बरीच वर्षं झाली. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. मधल्या काळात मी दर भेटीत साडूंना शाळेतल्या कॉम्प्युटरांबद्दल विचारत आलो. सुरुवातीला ते स्क्रू ड्रायव्हर खिशात तयार ठेवून गुरुजींच्या फोनची वाट बघत. फोन आला नाही. मग एकदा एस.टी.ने स्वतःच जाऊन आले. मी विचारलं, कसं आहे सगळं?

"अठराचे अठरा चालतायत," ते म्हणाले. "एकबी बिघडला नाय." कोणाच्या घरून वाईट बातमी आणावी तसा चेहरा होता. चहा त्यांनी अर्धाच घेतला. खिशाकडे माझं लक्ष गेलं. तिथे साधं पेन होतं.

मी सहसा खोटं बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी मुकुंदवाडीला फोन लावला आणि सांगितलं, की साडूभाऊ, माझा कॉम्प्युटर दोन दिवस झाले फार हळू चालतोय, काय झालंय कळत नाही.

"हात लावू नका," पलीकडून आवाज आला. स्कूटरची किल्ली हुकावरून काढल्याचं मला फोनमध्ये ऐकू आलं. "मी येईस्तोवर नुसतं पाठीवरून हात फिरवा."