केळीखालची सुपारी

वादळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, मी दिवेआगर सोडून जर्मनीला गेले. वादळात आमच्या वाडीतल्या, म्हणजे घराभोवतीच्या बागेतल्या, बहुतेक सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. निघायच्या सकाळी बाबा उघड्या पडलेल्या जमिनीत केळी लावत होते. सुपारीच्या रोपाला सुरुवातीची वर्षं सावली लागते. ती द्यायला झाडं उरली नव्हती, म्हणून आधी केळी.

"बाय, केळीखाली सुपारी लावू का?" त्यांनी विचारलं. "धरायला सहा-सात वर्षं जातील. तू परत येणार असशील तर लावतो. न्हायतर जमिनीला कॉटेज बांधणारं गिऱ्हाईक हायच."

"लावा. मी येते," मी म्हणाले.

माझं काम तापलेल्या ताऱ्यांचं. मोठ्या आकाश-सर्वेक्षणात ताऱ्यांचा प्रकाश रंगांत पसरवून नोंदवतात. त्या पट्ट्यातल्या काळ्या रेषांवरून ताऱ्याचं तापमान आणि फिरण्याचा वेग कळतो. सर्वांत तापलेले तारे निळे असतात. हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "लोहार येडा हाय काय? तापलं की लाल होतं."

"माझा गॅस निळा जळतो तेव्हाच भात शिजतो," मागून आई म्हणाली. "लाल झाला की नुसता टोप काळा. तुम्ही चुलीपाशी कधी आलात?"

माझ्या वाट्याच्या ताऱ्यांच्या रेषा रुंद होत्या. त्याचे दोन अर्थ निघतात. एकतर तारा भरधाव फिरत असतो, नाहीतर ते एकमेकांना बिलगून फिरणारे दोन तारे असतात आणि त्यांच्या रेषा एकमेकींवर पडलेल्या असतात. एकदा पाहून हे ठरत नाही. काही महिन्यांनी तेच तारे पुन्हा पाहावे लागतात. रेष फुटली, तर जोडी.

याच ताऱ्यांवरचा शोधनिबंध छापून आल्याशिवाय पुण्यातल्या संशोधकाच्या जागेसाठी माझा अर्ज टिकणार नव्हता. पुणं मिळालं असतं तर शनिवारी गाडी धरून वाडीत पोचता आलं असतं. गावातून मुंबईला, आखातात गेलेल्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या निरीक्षणाच्या आधी दुर्बिणीवरचं उपकरण बिघडलं. दुरुस्ती लांबत गेली. रोज सकाळी मी माहितीसाठा उघडायचे. नवीन काही नसायचं. आहे त्यावर छापू या, अशी मी गटप्रमुखांना विनंती केली, पुन्हा केली. एका निरीक्षणावर नाही, असं ते म्हणाले. ते बरोबर होते.

त्या उन्हाळ्यात बाबा विहिरीपाशी घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शिंपायला माणूस मिळेना. गावातले हात घरगुती लॉजांच्या कामाला लागले होते. आई एकटी पाइप ओढत राहिली. मे महिन्यात केळी वाळली आणि त्यांच्याखालची रोपं उन्हात आली.

"कधी येतेस ते सांग," बाबा फोनवर म्हणाले.

"थोडं थांबा, बाबा. तारे पुन्हा बघायचे आहेत."

"तुझे तारे कुठं पळून जातात? माझी रोपं थांबायची न्हायत, बाय." मग त्यांनी विचारलं, "तू यायची न्हायस, असं धरू काय?"

मला तारीख देता आली नाही. पुण्याच्या अर्जाची मुदत संपली तेव्हा उपकरण बंदच होतं.

दिवाळीनंतर वाडी विकली गेली. घर वाडीतच असल्यामुळे तेही गेलं. आईबाबा पालीला, मावशीच्या शेजारी, भाड्याच्या खोलीत राहायला गेले. उपकरण त्यानंतर सुरू झालं. माझ्या ताऱ्यांपैकी बहुतेकांच्या रेषा फुटल्या. त्या जोड्या निघाल्या. निबंध आता तपासणीला गेला आहे.

माझा करार मार्चअखेर संपतो आणि त्याबरोबर इथे राहण्याचा परवानाही. परतीचं तिकीट काढलं आहे. पालीला खोली एकच आहे. माझ्यासाठी घरमालकिणीकडून गादी मागून आणली, असं आईने काल फोनवर सांगितलं.