बंदी कोणाला?

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या चंद्रकलेचा पोरगा मधुकर लिबियात, एका अमेरिकन तेल कंपनीत होता. शहाऐंशी साली त्याचं पत्र आलं. ती हिंदी शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली, अन् तेवढ्याच हिंदीनं घात केला. पत्रात ‘बंदी’ दिसलं, हिंदीत बंदी म्हणजे कैदी, अन् पोरगा कैदेत पडला असं धरून बसली. तीन दिवस वरणात मीठ घातलं की नाही, तेही कळेना.

शेवटी शेजारच्या विजयाबाई मास्तरणीनं पत्र वाचलं.

“अवं माय, बंदी तेलाले हाये, पोराले नाही! अमेरिकेचं त्या देशाशी वाकडं आलं, कंपनीनं काम गुंडाळलं. पुढच्या आठवड्यात घरी येऊन राहिला तो.”

“म्हंजे सुटला?” चंद्रकलेनं विचारलं.

“नोकरीतून सुटला.”

मधुकरला यायला आठवडा होता, तरी परातीत चंद्रकलेनं एका माणसाचं पीठ जास्त घेतलं.