लिलावातली जोडमडकी

आमच्या ह्यांना जुन्या मडक्यांचे वेड होते. तसे वकील माणूस. नंदुरबारच्या कोर्टात उभे राहिले की समोरच्याला श्वास घेऊ द्यायचे नाहीत. पण कुणी काळ्या नक्षीचे तांबडे खापर हातावर ठेवले की झाले, लहान मूल परवडले. तापीचा पूर ओसरला की दरडींतून असली भांडी उघडी पडत. गोरे साहेब ती गोळा करत, आणि साहेबाची बदली झाली की त्याच्या खुर्च्या, खोगिरे आणि कोंबड्यांच्या खुराड्यांबरोबर त्या भांड्यांचाही लिलाव पुकारला जाई. तिथे आमचे हे हजर. टेबल आणायला म्हणून जायचे आणि फुटका रांजण घेऊन यायचे. घरात पाहुण्यांना पाणी द्यायला पेले पुरत नव्हते, आणि बैठकीच्या फळ्यांवर मात्र कुणा हजारो वर्षांपूर्वीच्या बाईचा स्वयंपाक मांडलेला. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,’ मी म्हणायची. हे हसायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चैत्रात नवापूरला एका साहेबाचा लिलाव झाला. ह्यांच्यासमोर बोली चढवायला सुरतेचा एक व्यापारी होता. तो मुंबईच्या एका बड्या साहेबासाठी अशा वस्तू घ्यायचा. दोघे हट्टाला पेटले, आणि ‘तीन बार’ म्हणताना हातोडा ह्यांच्या नावावर पडला. मिळाले काय, तर दोन मडकी. एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडात बसवलेले, फटीत चिखल लिंपलेला, वरून काथ्याने आवळलेले.

धोतराच्या पानात गुंडाळून, मांडीवर धरून हे आगगाडीने घरी आले. डब्यातल्या बायांनी म्हणे सरकून जागा दिली. त्यांना वाटले, पंच्यात गुंडाळलेले तान्हे आहे. ही गंमत अर्धीच सांगून ते काथ्याची गाठ सोडायला लागले.

“देख,” अंगणात बसून मला म्हणाले, “तोंडले तोंड लायेल शे. अजून कोनीच उघाडेल नही.”

“सोनं निंघनं ते अर्धं मन्हं,” मी म्हणाले.

खुरप्याच्या टोकाने त्यांनी हलक्या हाताने चिखल सोडवला. वरचे मडके निघाले. आत भुसभुशीत माती होती. ती बोटांनी सारताना बारीक हाडे लागली, तुरकाठीच्या काड्यांएवढी. मग कवटीचा वाटीसारखा एक तुकडा, आणि त्याच्या खालीच मातीने भरलेले इवलेसे मणी.

“ससानं पिल्लू व्हई,” हे म्हणाले. आवाज मात्र कोर्टातला नव्हता.

“ससाना गळामा मनी कोन बांधस?” मी म्हणाले. “हाई पोर शे.”

मी पदर ओढून मडक्यावर टाकला. उन्हात ते उघडे राहावे असे मला वाटेना.

आमच्याकडे लहान मुलाला जाळत नाहीत. मीठ घालून पुरतात. पुरुषमाणसे घेऊन जातात, आई उंबऱ्याच्या आत राहते. कुठे पुरले ते तिला सांगायचे नाही, म्हणजे तिचे मन तिथे अडकत नाही, असे म्हणतात. ज्याने हा नियम केला त्याला कधी पान्हा फुटला नसणार. आमची पोर पौषात गेली होती. नुकती कुठे आधाराशिवाय बसू लागली होती. कुठे पुरली ते मी विचारले नाही, ह्यांनी सांगितले नाही. उलट त्यानंतर त्यांचे लिलाव वाढले. पोर गेली आणि ह्या माणसाला खापरे सुचतात, म्हणून मी आतल्या आत फार जळत होते.

“हाईले जमीनमा ठेवी द्या,” मी म्हणाले.

“अवं, हजारो वरीसनं शे ते. त्याना मायबाप कव्हयच गयात.”

“मायबाप गयात म्हनीसन पोरले फळीवर मांडानं का?”

तरी मडकी फळीवर गेलीच. मी रोज तिथला केर काढायची आणि तेवढी फळी सोडून द्यायची.

आत काय निघाले ते सुरतेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. व्यापाऱ्याने निरोप पाठवला: जोडमडकी आतल्या हाडामण्यांसकट द्या, बदल्यात नक्षीच्या अखंड भांड्यांनी भरलेले एक कपाट घ्या. शिवाय मुंबईत काचेच्या पेटीत ती मांडली जातील, खाली वकीलसाहेबांचे नाव छापून. हे त्या निरोपाने दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यांचे सगळे जन्माचे वेड तुकड्यांवरच भागलेले. नक्षीचे अखंड भांडे घरात एकही नव्हते. मला त्यांची कीव येत होती आणि रागही येत होता. एकाच वेळी दोन्ही येतात, लग्न झालेल्या बाईला हे सांगायला नको.

शेवटी ह्यांनी होकार कळवला, आणि व्यापारी आला तो नेमका आखाजीच्या दिवशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने नव्या घागरी भरतात, वर आंबा आणि डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. भरलेली घागर नैवेद्य होऊन दिवस मावळेपर्यंत जागची हलवायची नाही. सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची, सगळ्यांची घागर भरली जाते. लहान मुलाची भरत नाहीत. ते धड माणसांत आलेलेच नसते ना!

ओसरीवर व्यापारी गवत घातलेली टोपली घेऊन बसला होता. हे त्याला चहा देत होते. मी बैठकीत गेले, जोडमडकी फळीवरून उतरवली आणि देवघरासमोर मोठ्या घागरींच्या ओळीत नेऊन ठेवली. एक छोटी घागर पाण्याने भरली, वर आंबा ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि ती त्या मडक्यांना अगदी टेकवून मांडली. मडकी उचलायची तर घागर हलवावी लागणार. नवऱ्याचा शब्द असा मोडायची मला काही सवय नव्हती.

हे मडकी न्यायला आत आले आणि थबकले.

“हाई कोनासाठे भरी?”

“ज्याना नावनी कोनीच भरस नही, त्यानासाठे.”

त्यांनी घागरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले, आता ओरडतील. ते परत ओसरीवर गेले. मी कान देऊन उभी होते.

“शेठ, आज मिळाव नही,” हे म्हणाले. “अन् सकाय भी नही.”

उद्याही नाही म्हटल्यावर व्यापाऱ्याने बराच वेळ समजूत घातली. शेवटी रिकामी टोपली उचलून तो स्टेशनकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गाडी जुंपायला सांगितली. मडकी पुन्हा तोंडाला तोंड लावून, ओला चिखल लिंपून त्यांनी स्वतः बांधली होती. मी दारात उभी राहिले, रीतीप्रमाणे उंबऱ्याच्या आत. ह्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, “चाल.”

आमचे शेत धानोऱ्याला होते. गड्याला त्यांनी बैलांपाशीच थांबवले आणि कुदळ स्वतः घेतली. बांधाच्या कडेला एक निंब होता, दाट सावलीचा. मडकी मांडीवर घेऊन मी त्याच्याखाली जागा दाखवली.

“अठेच खंदा. सावली शे.”

ह्यांनी कुदळ उचलली आणि तशीच खाली टेकवली.

“अठे नही. जरासं तिकडे.”

“काबर?”

ते माझ्याकडे बघत नव्हते.

“अठे आपली शे.”

मी मडकी हळूच खाली ठेवली आणि तिथल्या मातीवर दोन्ही हात पसरले. माती उन्हाने कोमट झाली होती. मागे कुदळ चालू झाली. ती मधूनमधून थांबत होती, कारण हेही रडत होते.