स्क्रबर मशीनची मोटर आणि साळवी साहेबांचे मोजे

फरशी धुवायचं मशीन चालू होतं, ब्रश फिरत होता, पण मागे पाणी तसंच राहत होतं. ठाण्याच्या त्या मॉलमध्ये सकाळी एक म्हातारी बाई त्यावरून घसरलेली. लागलं नाही, पण बोभाटा झाला.

मी मशीन दुरुस्त करणारा. मोहन्याहून पोचलो तेव्हा मॅनेजर साळवी साहेब सुनंदाला सांगत होते, "उद्यापासून येऊ नकोस. मोटर जाळलीस तू." सुनंदा मशीनचं हँडल धरून उभी. चार वर्षं तीच ते चालवते.

मला बघून साहेब म्हणाले, "काका, कंपनीचा इंजिनिअर बघून गेला. मोटर गेली म्हणाला. तुम्ही नुसती ती काढून ठेवा."

"तो बघून गेला. मी ऐकून घेतो."

मी चौथी पास. पण मोटरचा आवाज मला कळतो. गेलेली मोटर घरघरते. ही शिट्टीसारखी बारीक ओरडत होती. हवा मिळाली नाही की ती अशी ओरडते.

या मशीनचं काम सोपं आहे. पुढे ब्रश घासतो. मागे जमिनीला टेकलेला रबर घाण पाणी गोळा करतो. तिथून एक जाड पाइप ते ओढून टाकीत नेतो. ओढायचं काम मोटरचं.

रबर बघितला, ठीक. पाइप टाकीकडून सोडवला आणि टाकीच्या तोंडावर तळहात ठेवला. हात असा खेचला गेला की सोडवायला जोर लागला.

"साहेब, हात ठेवा."

"मला कामं आहेत, काका."

"ठेवा हो. मेलेली मोटर चावत नाही."

त्यांनी ठेवला. दुसऱ्या हाताने ओढून सोडवावा लागला.

म्हणजे घोळ पाइपात. वाकतो तिथे चाचपलं, कडक लागलं. तार घालून ओढली. लांबच लांब दोरा आला, त्याला केसांचा गुंता, काळा पडलेला झेंडू, आणि शेवटी जरीचा गोंडा.

सुनंदा एकदम बोलली, "अहो साहेब, हा तर दसऱ्याचा हार! मशीनला तुम्हीच घातलेला. मी संध्याकाळी काढायला गेले, तर म्हणालात राहू दे, मोठे साहेब यायचेत."

मोठे साहेब आलेच नाहीत. हार वाळून खाली पडला आणि मशीनने गिळला.

पाइप जोडला. "सुनंदा, चालव गं." लिफ्टपासून सरकत्या जिन्यापर्यंत ती गेली. मी साहेबांना म्हटलं, "बूट काढा आणि चाला तिच्या मागून." आधी हसले. मी हललो नाही, तेव्हा काढले. पांढरे मोजे. सगळे दुकानवाले बघत होते. टोकाला जाऊन त्यांनी पाय वर करून बघितला. कोरडा ठणठणीत.

"उद्या वेळेवर ये," ते सुनंदाला म्हणाले.

"मी रोजच वेळेवर येते," ती म्हणाली.

मशीनची पूजा जरूर करा. हार संध्याकाळी काढा. आणि माणूस काढायच्या आधी पाइप काढून बघा.