केरूने नळी नाकारली

पालीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडेच्या एका वाडीत केरूचं घर. अठरा वर्षं त्यानं चिरेखाणीत यंत्रावर जांभा कापला आणि गेली सहा वर्षं तो विनीतशेठच्या भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. खाणीत असताना तो प्यायचा, रोज प्यायचा. आठ वर्षांपूर्वी ग्रामदेवतेपुढं नारळ ठेवून त्यानं दारू सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा त्याच्या बायकोनं, गोदानं, सोडवली असं वाडीतले लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. संध्याकाळी खाणीच्या वाटेवर जाऊन ती उभी राहायची आणि त्याला गुत्त्यावरून सरळ पुढं घरी आणायची. असं तिनं वर्षभर केलं.

शिमग्याचे दिवस होते. दुपारी माल घेऊन केरू रत्नागिरीला निघाला, तेव्हा गोदाही टेम्पोत बसली. तिला बाजारात चष्मा बदलून घ्यायचा होता. हातखंब्याच्या अलीकडं केरूला खोकल्याची उबळ आली. टेम्पो डावीकडं गेला, मग उजवीकडं, आणि कसाबसा सरळ झाला. खोकला महिनाभर होता. ऊन बाधलंय, असं तो सांगत होता.

पुढं तिठ्यावर पोलीस होते. सणामुळं दारूची तपासणी चालू होती आणि टेम्पोचं हेलकावणं त्यांनी लांबून पाहिलं होतं. हवालदारानं केरूला खाली उतरवलं. केरूचे डोळे लाल, अंग घामानं भिजलेलं, बोलताना शब्द तुटत होते. हवालदारानं यंत्राची नळी पुढं केली. केरूनं ती तोंडात धरली, फुंकली, पण पुरेसा श्वास गेला की वाजणारं यंत्र वाजलंच नाही. पुन्हा फुंकायला सांगितलं. पुन्हा तेच. तोंडातल्या तोंडात वारा सोडतोयस, चलाखी करू नकोस, असं हवालदार म्हणाला आणि त्यानं नळी तिसऱ्यांदा पुढं केली. केरूनं ती हातानं बाजूला सारली.

"मी नाय फुकनार," तो म्हणाला.

गोदा टेम्पोतून खाली उतरली. जो प्यालेला नाही तो कशाला नाही म्हणेल? तरी तिला एक वेडा धीर वाटला, की फुंकलंच नाही तर पुरावा कुठला, आणि पुरावा नाही तर हे काय करतील?

पोलीस ठाण्याच्या फौजदार बाई जीपमधून उतरल्या. आवाज न चढवता त्यांनी केरूला समजावलं.

"नकार दिलात तर वॉरंटशिवाय अटक करता येते. तुम्हाला दवाखान्यात नेऊ, दोन तासांच्या आत रक्त तपासायचं असतं. तिथंही नाही म्हणालात, आणि त्याला काही रास्त कारण नसलं, तर तो नकारच कोर्टात तुमच्या विरुद्ध धरला जाऊ शकतो. गुन्हा शाबीत झाला तर पहिल्या वेळीसुद्धा सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. लायसनही जाऊ शकतं. आता सांगा, फुंकताय?"

केरूनं मान खाली घातली आणि हलवली. नाही.

जीपमध्ये गोदा त्याच्या शेजारी बसली. पोलिसांसमोर तिनं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. आठ वर्षांपूर्वी रोज नेत असे, तसंच. वास नव्हता. पण तिचा विश्वास बसेना. नारळाची आण मोडलीत का, असं तिनं हळूच विचारलं. तो बाहेर बघत राहिला. तिला त्याचा राग आला नाही, एवढी ती हादरली होती. हा माणूस आपल्याला कळलेलाच नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

दवाखान्यात आरोही नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. सुई पाहून केरू मागं सरकला, तेव्हा गोदानं त्याचा दंड धरला.

"हात पुढं करा. असलं तर असलं, मला एकदा कळू दे."

त्यानं हात पुढं केला. रक्त घेतल्यावर डॉक्टरांनी त्याला सरळ रेषेत चालायला लावलं. तो सरळ चालला, पण दहाव्या पावलाला भिंत धरून धापा टाकू लागला. डॉक्टरांनी त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, तो काढून दुसऱ्या बोटाला लावला. पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग आधी काय काम करत होता ते विचारलं. चिरेखाण म्हटल्यावर त्या फौजदार बाईंकडं वळल्या.

"यांनी मुद्दाम फुंकलं नाही असं मला वाटत नाही. यांच्यात फुंकण्याइतका दमच उरलेला नाही."

मग केरू भिंतीकडं बघतच बोलला.

"चार महिने झाले गो. चढ चढताना बसाया लागतंय. पुढल्या महिन्यात लायसन संपतंय, परत काढाया डाक्टरचा दाखला लागतो. नळी वाजली नाय तवा वाटलं, आता सगळ्यांना कळणार."

दारूचा आळ घ्यायला तो तयार होता, पण दम गेला हे कळू द्यायला नाही.

त्याच संध्याकाळी विनीतशेठनं येऊन जामीन दिला, पण टेम्पोची किल्ली ठेवून घेतली. केरू परत प्यायला लागला ही बातमी त्यांच्या आधी वाडीत पोचली होती. गोदानं कुणाला काही समजावलं नाही. चार दिवसांनी रत्नागिरीला काढलेल्या एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर पांढरे ठिपके दिसले. खाणीतली धूळ आत बसलीय, ती आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना एस.टी.त तिच्या मनात एक विचार आला आणि तिची तिलाच लाज वाटली. दारू असती तर बरं झालं असतं. ती सोडवता येते, हे तिला माहीत होतं.

रक्ताचा अहवाल यायला अडीच महिने लागले. दारूचा अंश नव्हता. कोर्टात डॉक्टरांचा कागद वाचला गेला. नळी न फुंकायला रास्त कारण होतं हे न्यायाधीशांनी मान्य केलं आणि केरू सुटला. वाडीतले लोक येऊन बरं झालं, बरं झालं म्हणून गेले. केरूनं सगळ्यांना हात जोडले. तोवर त्याच्या लायसनची मुदत संपली होती आणि दाखला मिळाला नव्हता. विनीतशेठनं त्याला पालीच्या गाळ्यात बसून भाजी निवडायचं काम दिलं.

केरूचा धाकटा भाऊ आप्पा अजून खाणीत यंत्रावर होता. गोदानं त्याला सोमवारी आपल्याबरोबर दवाखान्यात येऊन एक्स-रे काढायला सांगितलं. तो हसला, मला काय झालंय म्हणाला. तेव्हा केरूनं त्याला घराखालच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांशी नेलं आणि तो स्वतः चढ चढायला लागला. चौथ्या पायरीवर तो बसला. आप्पा खाली उभा राहून त्याची छाती वरखाली होताना बघत राहिला, आणि सोमवारी कुणी न बोलावता गोदाच्या आधी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.