काकांच्या फोनमधला पाऊस

इंटरनेटवर इतक्या सोवळ्यात वावरणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नाही, असं मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांबद्दल छातीठोकपणे सांगतो. घराणं मेंढपाळांचं. पुढे सिडकोत फ्लॅट झाला, पण नजर तीच राहिली, चिखलातल्या खुरांवरून कळप कुठं गेला ते सांगणारी. आपण काय शोधलं, काय निवडलं, ते ब्राउझर 'कुकीज' नावाच्या बारक्या खुणांत जपून ठेवतो, हे मी त्यांना एकदा सांगितलं आणि पस्तावलो. "म्हंजे माग काढतंय की हे बेणं आपला!" तेव्हापासून साधा मूळव्याधीवरचा उपाय शोधला तरी लगेच सगळ्या खुणा पुसायच्या. शोधाचं अमेरिकेतलं पान उघडायला जावं तर ते आपसूक भारताच्या पानावर आणून सोडतं, याचा तर भयंकर संताप. "तिकीट पैठणचं काढलं अन् उतरवलं वेरूळला! जाब नाय इचारायचा व्हय?" तुम्ही कुठं आहात ते पाहून जवळचं पान देतात, म्हणालो, तर माझ्यावरच उखडले.

मग लेकीकडे जर्मनीला राहून आले आणि बिघडले. भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, काका गुलमंडीच्या बाजारात रेनकोट घालून! डोक्यावर परिणाम झाला की काय, म्हणून मी त्यांचा फोन पाहिला. जर्मनीत असताना निवडलेला देश, लेकीचं गाव, सगळं कुकीत जसंच्या तसं. पान जर्मन भाषेत, पावाची दुकानं तिकडची, आणि वर तिथल्या हवामानाचे ढग नि थेंब.

"काका, पुसायचं विसरलात. द्या इकडं, एका बटणाचं काम आहे."

त्यांनी फोन हिसकावलाच. "हात नको लावू!"

"अहो, गावाचं नाव टाकून तिथला पाऊस कधीही विचारता येतो."

"इचारल्यावर कुणीबी सांगंल रे." त्यांचा आवाज उतरला. "हे न इचारता सांगतं. पोरगी बी तशीच होती. चप्पल काढायच्या आधी दिवसभराचं सगळं सांगून मोकळी. आता म्या इचारलं की म्हणती, 'बरंय बाबा.'"

त्या फोनला मी पुन्हा हात लावला नाही.

आता ते जिन्यात रेनकोट घालून भेटले की मी हसत नाही. विचारतो, "काय काका, आज आहे का पाऊस?"

"लई जोरात!" काका हरखून सांगतात. "आत्ताच फोन केला तिला, छत्री घे म्हणलं. इसरलीच होती येडी."