न प्यालेल्या दारूची शपथ

"हे गृहस्थ आमच्याकडे आले, तेव्हा दारूने आतून पार सडलेले होते," असे म्हणून अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला, आणि भरलेल्या सभागृहाने माझ्याकडे पाहिले.

मी व्यासपीठावर खुर्चीत बसलो होतो. काळा कोट, इस्त्रीचे धोतर, डोक्यावर टोपी. खिशात माझे भाषण होते. खामगावच्या एका रुग्णसेवा समितीने मला सभेला बोलावले होते. रुग्णांच्या वतीने दोन शब्द बोलावेत, असा निरोप होता. माझ्या भाषेची कीर्ती तिथवर पोचली, अशी माझी समजूत झाली. म्हणून पत्नीला मुद्दाम सोबत आणले. ती खाली सतरंजीवर बायकांत बसली होती, नवे लुगडे नेसून. तिने पदर कपाळावर ओढला. शेजारणीने तिला काही विचारले. ती थोडी सरकून बसली.

मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही.

हे कसे घडले, ते क्रमाने लिहितो.

मी मेहकरला कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. परवानाधारक अर्जनवीस. शिक्षण मराठी सहावीपर्यंत. सातवीची परीक्षा दिली, यश आले नाही. आमचे घराणे भाजीपाल्याचे. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या वाफ्यांतून उठून मी लेखणी धरली. माझ्या मसुद्याला तहसीलदारसुद्धा नावे ठेवीत नाहीत, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

मग पोटाच्या दुखण्याने धरले. जेवलो की कळ उठे आणि पाठीतून आरपार जाई. अंग वाळले. कोट खांद्यावरून लोंबू लागला. यापेक्षा वाईट जे झाले, ते लिहिताना हात अडतो, पण लिहितो. शौच तेलकट होऊ लागले. त्याची घाण अशी, की धुतलेल्या हातालाही ती येते असे वाटे. कधी आवरत नसे. एकदा अर्ज मध्येच टाकून उठायला मला उशीर झाला. समोरचा पक्षकार धोतराचा सोगा नाकाला लावून म्हणाला, "राहू द्या, उद्या येतो." तो दुसऱ्या अर्जनवीसाकडे जाऊन बसला. मला दिसत होते.

खामगावला दवाखान्यात भरती झालो. मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन माझ्या खाटेशी आले.

"किती पितोस?"

"मी पीत नाही, साहेब."

"घरचा धंदा?"

"भाजीपाला."

ते मागे वळून म्हणाले, "बाजार उठला की हातात पैसा. पैसा आला की हातभट्टी. हे पोट त्याचंच. लिहून घ्या."

मला 'अरे-तुरे' केले. कचेरीत ज्याला लोक 'रावसाहेब' म्हणतात, त्याला. पण त्या वेळी माझ्या अंगात कोट नव्हता. दवाखान्याचा सदरा होता, आणि तो मागून उघडा होता.

साहेब गेल्यावर एक तरुण डॉक्टर मागे थांबला. त्याने मला समजेल असे सांगितले. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्याचा रस अन्न पचवतो. तो आटला की तेल-तूप पचत नाही, माणूस खाऊनही वाळतो.

"दारूनं होतं हे खरं," तो म्हणाला. "पण न पिणाऱ्यालाही होतं. कधी कारणच सापडत नाही."

"मग साहेबांना सांगा की."

"मला इथं टिकायचंय, काका."

समितीच्या एक बाई रोज दुपारी वॉर्डात येत. कापसाच्या जिनवाल्या शेठच्या घरच्या. मऊ भात, मुगाचे पाणी आणत. मला उलटी झाली, तेव्हा त्यांनी स्वतः तस्त धरले, आणि नाकाला पदर लावला नाही. हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते. समिती मुंबईहून एक परदेशी पूड मागवीत असे. जेवणाबरोबर ती घेतली की अन्न अंगी लागे, घाण थांबे. परंतु जो दारू सोडल्याची शपथ घेईल, त्यालाच ती मिळे.

"पिणाऱ्याच्या पोटात ही कशी घालू?" बाई म्हणाल्या. "कबूल करा हो. मन हलकं होतं."

मला हे नवे नव्हते. आळ आलेल्या माणसाला मी स्वतः सांगत असे, "चूक झाली, माफी असावी, असं लिहू. साहेबाला बरं वाटतं, काम होतं." तोच सल्ला मी मला दिला. हात पुढे केला आणि म्हणालो, "आजपासून दारूला शिवणार नाही." बाईंचे डोळे भरून आले. पूड मिळाली. थोड्याच दिवसांत धोतर स्वच्छ राहू लागले. दारूबंदी होती, पिणे हा गुन्हा होता, कबुलीने माझा अर्जनवीसाचा परवाना जाऊ शकत होता. हे सर्व मला ठाऊक होते. पण वॉर्डातला शब्द वॉर्डात राहील, असे मी धरून चाललो.

तो शब्द आता ध्वनिक्षेपकातून रस्त्यापर्यंत जात होता.

अध्यक्षांनी मला बोलायला सांगितले. मी उठलो. आळ नाकारायला जेवढे शब्द लागतात, तेवढे मला नक्की येत होते. त्यांतला एकही उच्चारला नाही. समोर टेबलावर पुढच्या महिन्याची पूड मांडून ठेवली होती. मी खिशातला कागद काढून आभार वाचले. हात जोडले. टाळ्या झाल्या. पत्नीने टाळी वाजवली नाही.

माझ्यानंतर समितीच्या बाईंनी बीबी गावच्या एका बाईला हाताला धरून वर आणले. तिला हेच दुखणे. नवरा गेलेला, दिरांच्या घरात राहत होती.

"म्हणा, मी दारू सोडली."

"मी घेतलीच नाही बाई, तं सोडू काय?" ती म्हणाली. "घरी दीर हायेत. हे त्यायच्या कानावर गेलं तं मले उंबऱ्याच्या आत नाही घेनार."

सभागृह हसले. मागून कोणी ओरडला, "मंग वासानंच पोट गेलं काय बे?"

व्यासपीठावर बसलेल्या मोठ्या डॉक्टरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. हे अर्जनवीसही असंच म्हणाले होते. विचारा यांना. सांगा हो, पिणारा आधी खोटं बोलतो की नाही?"

माझे खोटे आता तिच्याविरुद्ध साक्षीला उभे केले होते.

ती माझ्याकडे वळली. "सांगा भाऊ," म्हणाली. तिनेही मला दारुडाच मानले होते. का मानू नये?

मी उभा राहिलो. या वेळी कागद नव्हता.

"मी कधीही प्यालो नाही. पूड पाहिजे होती, म्हणून खोटं कबूल केलं. या बाई खरं बोलतात."

डॉक्टर म्हणाले, "आज पुन्हा घेऊन आलेले दिसतात."

हसणे आधीपेक्षा मोठे झाले. पहिल्या रांगेत तो तरुण डॉक्टर बसला होता. मी त्याला म्हणालो, "डॉक्टर, मला वॉर्डात सांगितलंत, ते इथं सांगा." तो बुटांकडे पाहत राहिला.

"तुम्ही मला फसवलंत," समितीच्या बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर लागले होते.

"हो बाई. खरं बोललो असतो, तर तुम्ही पूड दिली नसती."

त्यांनी माझ्या नावची पूड टेबलावरून उचलून पिशवीत टाकली. बीबीच्या बाईचीही.

बाहेर आल्यावर पत्नी माझ्यापुढे चालू लागली. मग म्हणाली, "मले तरी सांगाचं होतं, अशी शपथ घेतली म्हून. मी तं आतमंदी इचार करून राह्यली होती, ह्या मानसानं एवढी वर्सं माह्यापासून लपवलं काय. खरंच वाटलं होतं मले."

सभागृह हसले, तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती.

मोटार स्टँडवर बीबीची बाईही आमच्याच गाडीची वाट पाहत होती. तरुण डॉक्टर सायकलवर आला. रुमालाखाली दोघांची पूड होती, बाईंच्या पिशवीतून काढून आणलेली. "घ्या. पण माझं नाव कुठं घेऊ नका."

तिने लगेच घेतली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले जगाचं हाये, भाऊ. तुमी तुमचं पाहा." मी तिला दोष देत नाही. तिने शपथ घेतली नव्हती.

त्याने माझी पूड पुढे केली. माझा हात उचलला गेला, हे लपवीत नाही. तो मी मागे घेतला.

"ही मला वॉर्डात द्या. दिवसा. सर्वांदेखत. आणि शपथ न घेता."

"काका, त्रास होईल."

"होईल."

झाला. कळ परत आली, घाण परत आली. अर्ज लिहून घ्यायला लोक कमी येतात. तरीही बाजाराच्या दिवशी मी खामगावला जातो आणि वॉर्डाच्या व्हरांड्यात बसतो. पोट धरून आलेल्या माणसाला शेजारी बसवून घेतो. तेल-तूप बंद कर, मऊ भात खा, हे सांगतो. मग विचारतो, पितोस का? नसशील पीत, तर मान डोलवू नको. पीत असशील, तर खरे सांग, आणि तरीही औषध माग. पिणाऱ्याचेही पोट पोटच असते. औषध म्हणजे चांगल्या वर्तनाचे बक्षीस नव्हे. ते रोग्याचे आहे. हे समजायला मला एवढे वय आणि एवढी बदनामी लागली.

शिपाई मला उठवतो. मी पुन्हा बसतो. एक दिवस मोठे डॉक्टर विचारतील, याला इथे कोणी बसवले? मी सांगेन, मी स्वतः बसलो आहे. आणि उठणार नाही.